वजातलं पाणी

वैशाख संपत आला होता. आबा, माझे आजोबा, पुढं आणि मी त्यांच्या मागं, भेगाळलेल्या गाळावरून पाण्याकडं चाललो होतो. घरातून समोरच दिसणारं पाणी आपण चालायला लागलो की लांब लांब पळतं, हे मला त्या दिवशी कळलं. बऱ्याच वेळानं पायाला ओल लागली. ओल संपून जिथं भेगा सुरू होतात त्या पट्ट्यात मला त्या वाट्या दिसल्या. जेवणाच्या ताटाएवढ्या, काही त्याहून मोठ्या, गोल, कडेला बोटभर उंच काठ असलेल्या. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी, अशा नजर पोचेपर्यंत. मी एकीत हात फिरवला. तळ सारवल्यासारखा गुळगुळीत होता.

"आबा, हे कुणी केलंय?"

"चिलापीनं. नर कोरतो, तोंडानं माती उचलून."

मला एकदम वाईट वाटलं. पाणी आटलं म्हणजे अंडी उघड्यावर पडून मेली असणार. आबा खाली बसले. एका वाटीतला वाळलेला शेवाळाचा पापुद्रा त्यांनी नखानं उचलला.

"मरत न्हाईत लेकरा. तिची आय अंडी तोंडात घिऊन जाती. पाणी हटलं की तीबी हटती. ही नुसती रिकामी घरं हायती." मग पाण्याकडं बघत म्हणाले, "ह्या पाण्यात तिचंच फावणार. बाकीच्या मासळीला पोरं तोंडात धरायचं ठावं न्हाई."

तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. या बोलण्यात उजनीच्या साऱ्या मासळीचं गणित आहे हे कळायला मला पुढची तीस वर्षं लागली.

आम्ही भोई. भीमेच्या काठचे. आमचं जुनं गाव आज पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर येतं तेव्हा लोक ते बघायला गाड्या करून येतात. आमच्या गावात बघण्यासारखं देऊळ नव्हतं, म्हणून गाव वर आलं तरी कुणी येत नाही. एक चावडीचा चौथरा, दोन-तीन आडांची गोल तोंडं, एवढंच दिसतं. आबा त्या चौथऱ्यावर बसून बोलायचे. नावेनं माणसं पैलतीरी न्यायची, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजं-काकड्या लावायच्या, आणि बारा महिने मासे धरायचे, असं त्यांचं आयुष्य गेलेलं. पण खरी गोष्ट रंगायची ती चढणीची.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की नदीला तांबडं पाणी यायचं. आबा सांगायचे, पाणी डोळ्याला दिसायच्या आधी त्याचा वास यायचा, भाजलेल्या मातीवर ताक सांडावं तसा. नदी फुगली की तिचं पाणी ओढ्यांच्या तोंडातून उलटं आत शिरायचं आणि वरून ओढा खाली यायचा. दोन पाणी जिथं भेटतात तिथं मासळी गोळा व्हायची आणि रात्रीतून ओढ्याला चढायची. तांबर, कानस, शिंगटा, वाम. एवढंसं पाणी असलेल्या वावरातसुद्धा पाठ उघडी टाकून मासे सळसळत जायचे. आजी म्हणायची, रात्री निजल्याजागी आवाज यायचा, कुणी सुपात जोंधळे पाखडतंय असा.

"मग तुम्ही धरायचा का?"

"धरायचो की. पर वर चढताना न्हाई. उतरताना."

आजीचा दंडकच होता तसा. चढणीची मासळी पोटुशी असते, तिला हात लावायचा नाही. अंडी टाकून, हलकी होऊन परतेल तेव्हा तुमची. सगळं गाव हे पाळत होतं असं मी म्हणणार नाही. गाभोळीच्या लोभानं टोपल्या लावणारे तेव्हाही होते आणि आबांनी त्यांची नावंसुद्धा सांगितली होती. पण आमच्या घरात मृग आणि आर्द्रा ही दोन नक्षत्रं ओढ्यात जाळं पडत नव्हतं. त्या दिवसांत आजी सुक्या मासळीवर आणि हुलग्याच्या माडग्यावर घर चालवायची.

आहेराची गोष्ट आबा फार जपून सांगायचे. सापासारखा लांब, हातातून निसटणारा, अंगाला चिकट. तो कधी अंडी घालताना कुणाला दिसला नाही, त्याचं पोट कापलं तरी गाभोळी निघत नाही, म्हणून तो देवाचा मासा, असं त्यांचे वडील मानायचे. पुढं मी वाचलं की आहेर अंडी घालायला समुद्रात जातो. आमच्या भीमेतून कृष्णेत, कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. आणि त्याची बोटाएवढी पिल्लं तोच सगळा रस्ता उलटा चढून येतात. त्या वाटेवर आता किती भिंती आहेत ते नकाशावर मोजावं. धरण झाल्यावर किती आहेर पाहिले असं आबांना विचारलं, तर त्यांनी एका हाताची बोटंसुद्धा पुरी उघडली नव्हती.

धरणाचं काम १९६६ च्या सुमारास सुरू झालं आणि १९८० मध्ये पुरं झालं. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या बाजूची पन्नासेक गावं उठली. जलाशयाला यशवंतसागर असं नाव मिळालं, पण ते पाटीवर राहिलं. बोलताना आम्ही सगळे 'उजनी' किंवा नुसतं 'धरण' म्हणतो. पाणी आलं ते पुरासारखं धावत नाही आलं, आजी सांगायची. रोज थोडं थोडं. काल उंबऱ्यापाशी, आज चुलीपाशी. तिनं जातं उचलून नेलं आणि चुलीची राख घमेल्यात भरून नेली. राख कशाला, ते मी कधी विचारलं नाही.

पहिली पाच-सहा वर्षं मासळी मात्र इतकी झाली की जुनी माणसं अजून हात पसरून सांगतात. याचं कारण आहे. पाण्याखाली नवीन गेलेली काळी वावरं, शेणखत, बांधावरची झाडं, कडब्याच्या गंजी, सगळं कुजायला लागतं, त्यावर किडामुंगी आणि शेवाळ माजतं आणि मासळीला अन्नाची वाण राहत नाही. नव्या धरणात जगभर असंच होतं, आणि ती पुंजी संपली की पीक उतरतं. बाभळींच्या बुडालेल्या बनात जाळी अडकून फाटायची, तरी आण्णा, म्हणजे माझे वडील, तिथंच जाळं टाकायचे, कारण मरळ तिथंच असायची. भिगवणच्या आडतीवर पहाटे लिलाव पुकारला जायचा तेव्हा पाट्या ठेवायला जागा नसायची.

मग हळूहळू एक गोष्ट आमच्या लोकांच्या ध्यानात आली. नदीचं पाणी वर चढायचं आणि उतरायचं ते पावसाच्या हिशोबानं. धरणाचं पाणी चढतं-उतरतं ते दुसऱ्याच हिशोबानं.

तो हिशोब आकड्यांत सांगतो, कारण आमच्याकडं शाळेत न गेलेली माणसंसुद्धा हे आकडे बोलतात. उजनी भरली की एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दाराखालचं पाणी. वापरायचा साठा साडेत्रेपन्न टीएमसीचा. टक्के मोजतात ते या वरच्या साठ्याचे. म्हणून शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे. आणि शून्याच्याही खाली उपसा चालू राहिला की पेपरात 'वजा' छापून येतं, आमच्या तोंडी 'धरण मायनसमधी गेलं'. आता यातली गंमत बघा. हे साडेत्रेपन्न टीएमसी पाणी ४९१.०३ मीटर ते ४९६.८३ मीटर या दोन पातळ्यांच्या मध्ये मावतं. सहा मीटरसुद्धा नाही. दुमजली घराएवढ्या उंचीत सोलापूर जिल्ह्याचा ऊस, केळी, पिण्याचं पाणी, सगळं. आमचा मुलूख परातीसारखा उथळ. पातळी हातभर उतरली की काठ कुठल्या कुठं जातो. लहानपणी मी आबांच्या मागं जे चालत होतो, ते अंतर म्हणजे दोन-तीन पुरुष खोलीचं पाणी.

आणि मासळीचा पाळणा याच उथळ काठावर असतो. खोल पाण्यात अन्न नाही, ऊबही नाही. पिल्लाला लागतं गुडघाभर, उन्हानं कोमट झालेलं पाणी आणि बुडालेलं गवत. उन्हाळ्यात उघडी पडलेली गाळपेराची जमीन हिरवी झालेली असते, तिच्यावर जूनअखेर पाणी चढलं की तो पाळणा तयार होतो. म्हणजे पाणी उतरतं हा दोष नाही, उतरायलाच हवं. आबांचं गाऱ्हाणं वेळेबद्दल होतं. "चढलं की थोडं थांबावं पाण्यानं," ते म्हणायचे. "पाव्हण्यानं दारात पाय ठिवला आन लगी माघारी फिरला, असं नगं."

प्रत्येक मासळीला किती थांबावं लागतं, हे मी नंतर शिकलो. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना वाहतं, गढूळ, वाढत जाणारं पाणी लागतं. अंडी तशीच पाण्यावर सोडून आई निघून जाते. ते अंडं पंधरा-अठरा तासांत फुटतं. पण फुटलेलं पिल्लू बोटाएवढं व्हायला कित्येक आठवडे जातात, आणि तेवढे दिवस त्याला तो काठ लागतो. महसीरचं अंडं तीन-चार दिवस घेतं, तेही स्वच्छ वाहत्या पाण्यातल्या खड्यांमध्ये. भीमेला तुळापूरला मिळणाऱ्या आमच्या इंद्रायणीत देहूच्या डोहातले महसीर पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांनी पाळले. तिच्याच उगमाकडं, लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासून महसीरचं बीज तयार केलं. मत्स्यखात्यातून निवृत्त झालेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांची ती जिद्द. जलविद्युत तलावाचं पाणी विजेच्या मागणीप्रमाणं खालीवर होणार, तेव्हा माशाला नदीवर सोडून भागायचं नाही, अंडं माणसानं तळहातावर घ्यायचं, हे त्यांनी ओळखलं. एवढं वाचलं तेव्हा मला आजीची आठवण झाली. ती त्यांना पाटावर बसवून जेवू घालती.

बीज माणसानं करायचं ही युक्तीही फार जुनी नाही. पूर्वी कटला-रोहूचं बीज गंगेच्या पुरातून जाळ्यांनी गोळा करून देशभर पाठवायचे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला डॉ. हीरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूतली पीयूष ग्रंथी काढून तिचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला, आणि साचलेल्या पाण्यात मासळीनं अंडी दिली. जे काम पूर करायचा ते सुईनं झालं. तो दिवस देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. आमच्यासारख्या परातीतल्या पाण्याला याचा केवढा आधार! नदी चढली नाही तरी बीज मिळणार.

मी दहावीत असताना आमच्याकडं असं बीज आलं. टेम्पोत खोकी, खोक्यांत पॉलिथिनच्या फुगवलेल्या पिशव्या, तळाशी पाणी आणि वर प्राणवायू. आधी वाटलं पाण्यात जिरं टाकलंय. आणि खरंच त्याला मत्स्यजिरे म्हणतात; त्यापुढं अर्धबोटुकली, मग बोटुकली. तात्यांनी, म्हणजे चुलत्यांनी, पिशव्या तशाच बांधलेल्या धरणाच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं ऊन व्हायला हवं, नाहीतर बीज दचकून मरतं. मी पाण्यात उभा राहून एका पिशवीचं तोंड सोडलं. सगळं जिरं आधी आत गोळा झालं, हललंच नाही. मग एक बाहेर आलं, माझ्या बोटाला लागलं, आणि त्याच्यामागं सगळे.

त्या आठवड्यात वरच्या घाटात धो धो पाऊस झाला. दौंडची आवक वाढली, धरण आधीच भरत आलेलं, आणि दारं उघडली. एक्केचाळीस दारं आहेत उजनीला. टेम्पोला धरणाच्या भिंतीजवळचा रस्ता सोयीचा म्हणून बीज तिथंच सोडलेलं. जेवढं दारातून खाली गेलं तेवढं गेलं. राहिलं त्यातलं बरंचसं शिंगट्यांच्या आणि मरळीच्या पोटात गेलं असणार, कारण जिऱ्याएवढ्या पिल्लाला पळता येत नाही. ज्या कार्यालयानं बीज दिलं त्याच्या कागदावर मात्र ते 'सोडले' असं लागलं, आणि ते खरंच होतं. पुढच्या उन्हाळ्यात आण्णांच्या जाळ्यात कटला मोजून तीन.

तात्या तेव्हापासून एकच सांगत राहिले. बीज बोटुकलीचं घ्या, चार बोटं लांब. दारं मिटल्यावर, गणपती-नवरात्राच्या पुढं, पाणी थिरावल्यावर सोडा. भिंतीपाशी नको, वरच्या अंगाला, ओढ्याच्या फुगवट्यात. आधी जाळीच्या कुंपणात ठेवून वाढवता आलं तर सोन्याहून पिवळं. मत्स्यशास्त्राची पुस्तकंही हेच सांगतात, पण तात्यांनी ती वाचली नव्हती. त्यांनी नुकसान वाचलं होतं.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. कालव्याची आवर्तनं, सोलापूरच्या पिण्यासाठी नदीतून सोडायचं पाणी, आषाढी-कार्तिकीला चंद्रभागेत पाणी पाहिजे म्हणून सोडायचं पाणी. यातलं एकही काम खोटं नाही. माझी आजी वारीला जायची, चंद्रभागेत तिला कोरडी वाळू नको होती. पण कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत कुणाची पाळी किती दिवस हे ठरतं, तेव्हा मासळीलाही पंधरा दिवसांची पाळी द्या, असं कुणी म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही. धरण मायनसमध्ये गेलं की सगळी मासळी जुन्या नदीच्या पात्रात गोळा होते. तिथं मग वडाप लागतं. बारीक आसाचं लांबच लांब जाळं, त्यात बोटुकलीसुद्धा सुटत नाही, पुढच्या दोन वर्षांचं पीक एका रात्रीत पाटीत. ती टोपलीभर चिंगळं आडतीवर काय भावानं जातात ते बघितलं की पोटात तुटतं. आमच्या लोकांतलेही आहेत वडापवाले, ते लपवून काय उपयोग. वरून पुण्या-पिंपरीकडचं सांडपाणी मुळा-मुठेतून येतं, आणि पाणी जितकं कमी तितकं ते दाट. हिरव्या शाईसारखं. उकाड्याच्या पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात.

२०२३ च्या पावसाळ्यात धरण कसंबसं साठ टक्क्यांपर्यंत गेलं. जानेवारीतच शून्याखाली आलं, आणि २०२४ च्या जूनच्या सुरुवातीला वजा साठच्या काठावर पोचलं. मी तेव्हा गावी गेलो होतो. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. चावडीचा चौथरा पूर्ण बाहेर, त्याच्यापुढं भेगांचं रान. आणि वाट्या. आधी कधी पाहिल्या नव्हत्या इतक्या. मोझांबिकची ही चिलापी भारतात १९५२ मध्ये आणली गेली. उजनीत ती आता राणी आहे. पाणी मागं सरलं की ती पिल्लं तोंडात घेऊन मागं सरते, पुढं गेलं की पुढं जाते. तांबर, कानस मात्र आडतीवर शोधावी लागते. त्यांनी अंडी पाण्याच्या भरवशावर टाकलेली असतात.

त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरण शंभर टक्के झालं. दोन महिन्यांत वजा साठवरून शंभर. गाळपेर, बाभळी, चौथरा, वाट्या, सगळं पाण्याखाली. त्या वर्षी मासळीला पाळणा मोठा मिळाला होता, फक्त तो हलवायला पोटुश्या माद्या किती उरल्या होत्या, हा प्रश्न.

मरळीचं सांगायचं राहिलं. मरळ पिल्लं तोंडात घेत नाही, पण सोडूनही जात नाही. काठच्या गवतात घरटं करते, आणि पिल्लं झाली की आई-बाप दोघं त्यांच्याखाली राखण करत फिरतात. लालबुंद पिल्लांचा एक गोळा पाण्यात गरगरत असतो. लांबून बघणाऱ्याला कुंकू सांडल्यासारखं वाटतं. एका श्रावणात आवक थांबली, कालवा चालू होता, आणि दोन दिवसांत पाणी काठावरून उतरलं. एक खळगा मागं तुटून राहिला. त्यात तो लाल गोळा आणि त्याच्याखाली दोन काळ्या पाठी. मरळ चिखलातून सरपटत मोठ्या पाण्यात जाऊ शकते. आबा म्हणाले, बघ, जात्यात का ती.

आम्ही बराच वेळ बसलो. ती गेली नाहीत. बापानं एकदा वर येऊन हवा घेतली आणि पुन्हा गोळ्याखाली गेला.

आबांनी मला घरी पिटाळलं, आजीचं घमेलं आणायला. मग दोघांनी मिळून हलक्या हातानं तो गोळा घमेल्यात घेतला, अर्धं पाणी, अर्धं कुंकू. तो पन्नासेक पावलं वाहून नेला आणि मोठ्या पाण्यात गवताशी सोडला. पुन्हा परत. पाच खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला आबांनी धोतराचा सोगा ओला करून दोन्ही मोठ्या मरळी गुंडाळून नेल्या. एकेक दीड-दोन किलोची असेल. त्या दिवशी घरात कालवणाला काही नव्हतं, आणि आजीनं ते घमेलं परत घेताना त्याचा वास घेऊन काय झालं ते ओळखलं.

आता जून लागला की मोबाईलवर रोज सकाळी दौंडचा विसर्ग येतो. इतके हजार क्युसेक, इतके टक्के. मी पुण्यात बसून तो बघतो आणि तात्यांना फोन लावतो. त्यांना आकडा मी सांगायच्या आधीच ठाऊक असतो. त्यांचं पहिलं वाक्य दर वर्षी ठरलेलं असतं.

"पाणी चढाय लागलंय. आता थांबतंय का बघू."